मे महिन्याचा दाखला, ऑगस्टची नदी

८८ वर्षे आधी

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला. त्याच्या पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्या मधे, राजेवाडीजवळ, सावित्री नदीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून त्याला कमानीत बसवतात. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटत राहतो आणि त्या रेट्यावरच सगळे तग धरून असते. अट एकच. कमानीचे पाय हलता कामा नयेत. आणि पाय असतात नदीच्या तळात, जिथे कोणी रोज जाऊन बघत नाही.

माझ्या धंद्यातले बीडही याच स्वभावाचे. दाबाला वाघ, ताणाला शेळी.

मी पुलांचा माणूस नाही, हे आधीच सांगतो. माझी उमर फौंड्रीत गेली, तीही भट्टीपाशी कमी आणि तपासणीच्या टेबलापाशी जास्त. आपल्या मालाच्या टीसी लिहायच्या, दुसऱ्यांच्या टीसी वाचायच्या. टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, ओतीव मालाबरोबर जाणारा त्याच्या धातूचा दाखला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा हा पूल कोसळला. त्या रात्रीकडे मी त्याच चष्म्यातून बघतो. पुलांच्या जाणकारांना खटकले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

१५ वर्षे आधी

२००१ मध्ये शेजारी नवा पूल झाला. मुंबईहून गोव्याकडे जाणारी वाहने त्यावरून जाऊ लागली. जुन्याला मात्र निवृत्ती मिळाली नाही. गोव्याकडून मुंबईला येणारी वाहने त्याच्याच अंगावर राहिली. १९२८ साली या रस्त्यावर काय धावत असेल आणि आता किती टनांचे ट्रक धावतात, याचा अंदाज कोणीही बांधू शकेल.

सुमारे तीन महिने आधी : मे २०१६

मे महिन्यात पुलाची पाहणी झाली. पुलाला धोका नाही, वाहतूक चालू ठेवायला हरकत नाही, असा निष्कर्ष निघाला. दुर्घटनेनंतर तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनीच ही माहिती दिली.

इथे मी जरा थांबणार आहे. असल्या कागदांवर माझे पोट चालले आहे.

तो शेरा खोटा होता, असे मी म्हणत नाही. मे महिन्यात कोकणातली नदी म्हणजे खडकांमधून वाट काढणारे पाणी. कमानी दिसतात, सांध्यांत उगवलेली झुडपे दिसतात, कठडा दिसतो. जे दिसते त्यावर शेरा पडतो. प्रश्न एवढाच की ज्या गोष्टीची हमी द्यायची आहे, ती त्या दिवशी डोळ्यांसमोर होती का?

फौंड्रीत हाच प्रश्न रोज येतो, फक्त लहान आकारात. समजा टीसीवर ग्रेड लिहिली आहे एफजी २६०. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन ताण सोसणारे करडे बीड. हा आकडा कशावरून येतो? तुमच्या कास्टिंगवरून नाही. त्याच हीटच्या, म्हणजे भट्टीच्या त्याच खेपेच्या, धातूतून ३० मिलिमीटर व्यासाची वेगळी कांडी ओततात, तिला टेस्ट बार म्हणतात, आणि ती यंत्रात ओढून तोडतात. कांडी बारीक, लवकर गार होते, तिच्यात ग्रॅफाइट बारीक पडते, आकडा चांगला येतो. तुमचे कास्टिंग मात्र काही ठिकाणी चार बोटे जाड असते. ते सावकाश गार होते, ग्रॅफाइट भरड पडते आणि ताकद कमी भरते. टीसी खरी, पण ती कांडीची. जाड भागाबद्दल ती काही बोलत नाही, आणि आपण मात्र तिने बोलल्यासारखे वागतो.

एसजी आयर्नमध्ये तर घड्याळच लागते. मॅग्नेशियम टाकून ग्रॅफाइटच्या गोळ्या केलेला हा धातू. मॅग्नेशियम मिनिटामिनिटाला उडून जात असते. लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, पहिला धातू उत्तम असतो, रेंगाळलात तर शेवटच्या साच्यात जाणारा तसा राहत नाही. म्हणून नमुन्याचा ठोकळा शेवटच्या धातूतून ओतायचा असतो. पहिल्यातून ओतला की टीसी देखणी येते आणि शेवटची चार कास्टिंगे तिच्या आडोशाला लपतात. रसायन तेच, हीट नंबर तोच, कागद तोच. ओतले तेव्हा घड्याळात किती वाजले होते, ते मात्र कागदावर नसते.

माझाच एक गुन्हा इथे कबूल करतो. कारखान्याचे नाव घेणार नाही, तो माझ्या लिहिण्याचा भाग नाही. नोकरीचे दुसरे वर्ष होते. एका हीटचा टेस्ट बार सापडेना. ट्रक दारात उभा. वरिष्ठ म्हणाले, ‘कालच्या हीटचा आकडा टाक की, माल तोच आहे ना.’ मी २६८ लिहिले. अक्षरही चांगले होते माझे तेव्हा. पुढे त्या मालातला एक ब्रॅकेट गिऱ्हाइकाकडे तडकला. त्यांनी तो कापून, त्याच्याच अंगातून कांडी काढून तोडली, तर आकडा २०० च्याही खाली. कोणाला इजा झाली नाही. पण टीसीवर माझी सही होती, आणि खालीच छापील वाक्य होते की वरील माहिती खरी आहे.

तेव्हापासून दुसऱ्याची टीसी हातात आली की मी आधी आकडे बघत नाही. आधी हीट नंबर बघतो आणि तो कागदावर न बघता कास्टिंगच्या अंगावर बघतो. उठावाने ओतलेला आहे की नंतर पंच मारलेला? मग बघतो सही कोणाची. युरोपी पद्धतीच्या ३.१ दाखल्यावर सही करणारा माणूस उत्पादन विभागाचा नसावा लागतो, आणि ३.२ वर गिऱ्हाइकाचा किंवा तिऱ्हाइताचा माणूसही सही करतो. २.२ हा त्यातला धाकटा भाऊ. तो नेमक्या तुमच्या मालाच्या तपासणीवर उभाच नसतो, तरी फाइलमध्ये तोही तितक्याच रुबाबात बसतो. मग येतात आकडे. चार वेगवेगळ्या हीटचा कार्बन दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा असेल, तर मला घाम फुटतो. भट्टी इतकी शिस्तीची नसते. कार्बन आणि सिलिकॉन भरपूर दाखवले आहेत आणि ताकदही भरपूर दाखवली आहे, हेही पटत नाही, कारण करड्या बिडात एक वाढले की दुसरे उतरते. पिस्तुलासारखे हातात धरायचे यंत्र घेऊन कोणी आले, तर त्याला विचारतो, ‘यात कार्बन दिसतो का हो?’ एक्स-रेवर चालणाऱ्या त्या यंत्राला कार्बन दिसत नाही, आणि बिडाचा तर जीवच कार्बनात. आणि शेवटी स्वस्तातली, जुनी, न चुकणारी गोष्ट, म्हणजे ब्रिनेलची कडकपणाची चाचणी. दहा मिलिमीटरची गोळी, ३००० किलोचा भार, खुद्द कास्टिंगवर दाबायची आणि खळगा मोजायचा. कास्टिंग स्वतःच्या तोंडाने बोलते ते तेवढेच.

पुलावर अशी गोळी दाबता येत नाही, मान्य. पण दाखला कोणत्या दिवशीच्या नदीचा आहे, हे विचारता येते.

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार : दिवसभर

आषाढी अमावास्या. घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचा दिवस. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, देशातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एका ठिकाणी. तिथून ती घाट उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, काळ आणि गांधारी यांना पोटात घेते आणि बाणकोट-हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळते. त्या दिवशी वर महाबळेश्वरात धो धो पाऊस होता. महाडकरांना हे गणित शिकवावे लागत नाही. वर पडले की खाली काही तासांत येते, आणि अमावास्येला समुद्राला उधाण असले की खाडीकडे पाणी लवकर निघत नाही.

पुलाच्या पायांनी त्या दिवशी काय सोसले, ते कोणी पाहिलेले नाही. वेगाचे पाणी पायाभोवती भोवरा करते आणि तळातली रेती, गोटे उचलून नेते. वरून रस्ता जसाच्या तसा दिसतो. डांबर सपाट, कठडा सरळ.

संध्याकाळ

रत्नागिरी जिल्ह्यातून दोन एसटी मुंबईकडे निघाल्या, राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई. दोन्हींत मिळून चालक-वाहकांसह २२ जण असल्याची माहिती पुढे आली.

साधारण दोन-अडीच तास आधी : चिपळूणच्या आसपास

चिपळूण ते महाड सुमारे नव्वद किलोमीटर. रात्र, पाऊस आणि मधे कशेडी घाट धरला, तर दोन-अडीच तास लागतात. त्या हिशोबाने गाड्या या सुमारास चिपळूणच्या आसपास असाव्यात. वाहकाने तिकिटे फाडलेली, वेबिल भरलेले. नंतर माणसे किती होती हे सांगायला तोच कागद उरतो.

यावरून मला दरवेळी एक परदेशी रात्र आठवते. आडवाट आहे, पण आमच्या धंद्यातला प्रत्येकजण केव्हातरी या वाटेने जातो.

२८ डिसेंबर १८७९, रविवार. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ टे नदीच्या मुखावरचा रेल्वे पूल. संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास गाडी सेंट फोर्ट स्थानकात थांबली आणि तिथे उतारूंची तिकिटे गोळा झाली. नंतर मृतांची मोजदाद करताना हीच तिकिटे कामी आली. ७ वाजून १३ मिनिटांनी पुलाच्या दक्षिण टोकाला सिग्नलवाल्याकडून गाडीने पुलावर जाण्याच्या परवानगीचा दंडुका घेतला आणि ती पुलावर शिरली. वादळी वारा होता. थोड्या वेळाने ठिणग्या दिसल्या, लख्ख उजेड झाला आणि मग काळोख. मधले उंच गर्डर गाडीसकट नदीत गेले. मृतांचा प्रचलित आकडा ७५, नावानिशी ठाऊक असलेले ५९. एकही वाचला नाही.

पुलाचे खांब बिडाचे होते. खांबांना ताणपट्ट्या बांधायला ओतीव कान होते, खांबाबरोबरच एका साच्यात ओतलेले. बिडाला ताण सोसवत नाही आणि इथे तर ताणच कानावर. त्यातही बोल्टची भोके ड्रिल केलेली नव्हती. ती ओतताना ठेवली होती, त्यामुळे निमुळती झाली आणि बोल्ट एकाच कडेवर टेकायचा. पुलाशेजारीच फौंड्री होती. तिथल्या साचेवाल्यांच्या साक्षीतून चौकशीत एक शब्द बाहेर आला, ‘बोमाँटचे अंडे’. मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचा लगदा. कास्टिंगमधली वायूची भोके त्याने बुजवायची आणि दगडाने घासून चकचकीत करायची. बघणाऱ्याला अख्खे बीड दिसते.

हे अंडे आजही जिवंत आहे. नाव बदलले आहे. आता ते डब्यात मिळते.

चौकशीत लंडनच्या डेव्हिड कर्कल्डीने पुलाचे तुकडे आपल्या यंत्रात तोडून पाहिले. नमुन्यादाखल तोडलेले बीड चांगले निघाले, यातच सगळा घोळ आहे. त्या धातूची टीसी काढली असती तर ती पास झाली असती. तुटले ते तळाकडचे कान. ६० टन अपेक्षित होते, ते सुमारे २० टनांना गेले. धातू पास, कास्टिंग नापास.

आणि पाहणी? तीही झाली होती. मेजर जनरल हचिन्सन यांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये तीन दिवस पूल पाहिला, इंजिने चालवून भार घातला आणि मंजुरी दिली. पण अहवालात त्यांनी लिहून ठेवले होते की जोराच्या वाऱ्यात गाडी पुलावरून जाताना काय होते, ते जमल्यास पाहायला आवडेल. ती संधी आली नाही. मला हचिन्सन यांच्याबद्दल राग कमी आणि आपुलकी जास्त वाटते. आपण काय पाहिलेले नाही, हे त्यांनी निदान लिहिले. पुढे देखभालीला नेमलेल्या माणसाला ताणपट्ट्या खडखडताना ऐकू आल्या. त्याने सांध्यांत लोखंडाच्या चिपा ठोकल्या. खडखड थांबली. त्याने ती मुख्य अभियंता बाउच यांच्या कानावर घातली नाही.

साधारण एक तास आधी : कशेडी घाट

घाट उतरला की पोलादपूर. तिथून महाड अठरा-वीस किलोमीटर. या रस्त्याने रात्री प्रवास केलेल्यांना ही वेळ ओळखीची आहे. घाटात ताठ बसलेली माणसे पोलादपूरनंतर डोके खिडकीला टेकून झोपी जातात. आता सपाटी लागली, आता काही नाही, अशी खात्री वाटते म्हणून.

नदी उजव्या-डाव्या हाताला कुठेतरी वाहत असते. अमावास्येला ती दिसत नाही.

रात्री साडेअकराच्या सुमारास

जुना पूल गेला. एका कमानीचा पाय सुटला की शेजारच्या कमानीला रेटा द्यायला कोणी उरत नाही, म्हणून कमान एकटी जात नाही. दोन्ही एसटी आणि एक तवेरा गाडी पाण्यात गेल्या. पुढची गाडी का दिसेनाशी झाली, हे मागच्या चालकाला कळायला वाव नव्हता. हेडलाइटच्या उजेडात रस्ता दिसतो. रस्ता नसणे दिसायला वेळ लागतो.

पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या हे लक्षात आले. त्याने धावत जाऊन वाहने अडवली आणि पोलिसांना कळवले. त्याच्यामुळे किती जण वाचले, याची मोजदाद कोणत्याही वेबिलात नाही. एक मात्र नोंदवतो. त्या रात्री पुलाची खरी तपासणी करणारा तो एकच माणूस होता, आणि त्याने कागद मागितला नाही.

३ ऑगस्ट आणि पुढचे दिवस

सकाळी सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शन संचावर तुटलेले दगडी टोक आणि त्याखालचे लाल पाणी पाहिले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस घटनास्थळी आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल यांनी शोध सुरू केला. प्रवाह इतका की पाणबुड्यांना उतरता येईना. मग क्रेनला ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडले. नदीत लोखंड कुठे आहे, एवढेच त्याला विचारायचे होते.

काही मृतदेह सावित्रीच्या मुखापलीकडे, समुद्रकिनाऱ्यांवर लागले. पहिल्या एसटीचा सांगाडा सापडायला ११ ऑगस्ट उजाडला, तोही पुलापासून दूर वाहत गेलेला. बळी चाळीसच्या आसपास.

निवृत्त न्यायमूर्ती एस. के. शाह यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमला गेला. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला.

आता एक विनंती. तुम्ही कारखान्यात मालाची पावती घेणारे असाल, तर उद्या फाइलमधली कोणतीही एक टीसी काढा, तिच्यावरचा हीट नंबर घेऊन रॅकपाशी जा आणि तो कास्टिंगवर सापडतो का बघा. कारखान्याशी संबंध नसेल, तर तुमच्या रोजच्या वाटेवर एखादा पूल असेलच. त्याची शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली, त्या दिवशी पाणी किती होते आणि पायापर्यंत कोण उतरले होते, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाची फी १० रुपये आहे.